पीठ रस्त्यावर

पागेदारांचं रक्त मी दर दुसऱ्या मंगळवारी घेते,
दहा मिलिलीटर, डाव्या हातातून,
उजव्यात शिट्टीची दोरी गुंडाळलेली असते म्हणून.
फतेगंजच्या आमच्या इमारतीचे ते रात्रपाळीचे वॉचमन.
"घ्या ताई, घरचंच आहे," म्हणतात,
आणि नंतर ग्लुकोजची बिस्किटं
मोजून चार खातात.

नळी फिरून थांबली की थर दिसतात.
तळाशी लाल, वर पिवळसर पाणी,
आणि मध्येच एक धुरकट चकती,
कोमट दुधावर नुकती धरू लागलेली साय जशी.
मला तेवढीच हवी असते. राखण करणाऱ्या पेशी त्या.
त्यांच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला,
कान असतात. कानांची नावं
पी टू वाय टू, पी टू एक्स सेव्हन.
आई म्हणाली, "हे काय गाडीचे नंबर?
आणि जीजे सहा नाही त्यात?"

सोपं आहे गं. एटीपी म्हणजे पेशीचं पीठ.
डब्यात असतं तोवर कोणी त्याचं नाव काढत नाही.
रोज दळायचं, रोज मळायचं, रोज संपवायचं.
दाराबाहेर त्याचा कण सापडणं मुश्किल.
पण भिंत फुटली आणि तेच पीठ रस्त्यावर सांडलं
तर शेजारी विचारत बसत नाहीत, काय झालं म्हणून.
पिठानं सांगितलेलं असतं.

वाय टूला चिमूट पुरते, वासावर निघतो.
एक्स सेव्हन ठार बहिरा,
त्याला परातभर लागतं.
पण एकदा त्यानं दार उघडलं
आणि पीठ सांडतच राहिलं, की त्याला मिटवत नाही,
हाका जातात, ताप जातो गावभर,
कधी कधी राखणदार स्वतःच
त्या दारातून वाहून जातो.

ऑगस्ट संपता संपता विश्वामित्री चढली.
तीन दिवस लाइट नाही. उणे ऐंशीचा फ्रीज
हळूहळू खोलीसारखाच झाला,
माझं दीड वर्ष त्यात, लेबल लावलेलं.
चौथ्या दिवशी चालत निघाले.
परशुराम भठ्ठ्यापाशी घरंच्या घरं
रस्त्यावर उलटी करून ठेवलेली:
गाद्या, देव, शिलाईचं मशीन,
बाजरीच्या पिठाचा डबा उपडा,
पीठ फुगून, राखाडी होऊन, फरशीला चिकटलेलं.
एक पोरगा हातवारे करून सांगत होता,
मगर कुठल्या पायरीवर झोपली होती ते.
मांडवीकडून कोणीतरी खिचडीचं पातेलं घेऊन आलं,
ते या गल्लीतल्या कोणालाच ओळखत नव्हते.

संध्याकाळी पागेदार लॅबच्या दारात.
"मंगळवार आहे ना."
मी नको म्हणत होते, त्यांनी बाही वर केलीसुद्धा,
डावीच, सवयीनं.
उजवा हात मोकळा होता. शिट्टी गेली पाण्यात.

जनरेटरवर काम केलं. रंग घातला,
मग एटीपी, सगळ्यात पातळ,
ज्याला एक्स सेव्हन एरवी कूसही बदलत नाही.
आणि सगळी प्लेट हिरवी झाली,
लाइट आल्यावर सोसायटीच्या खिडक्या
एकदम पेटतात तशी.
किती वेळ बघत राहिले माहीत नाही.

झवेरी मॅडम म्हणाल्या, एका माणसाच्या रक्तावरून?
खरंच आहे. त्यांची झोप झाली नव्हती,
नळी बर्फाशिवाय आली होती,
माझाच हात हलला असेल पिपेटवर.
वहीत लिहिलं: हा प्रयोग धरू नये.

आणखी एक लिहायचं राहिलं, ते इथे लिहिते.
पेशींच्या अंगावर झाडणारीही असतात.
सांडलेलं पीठ त्या तुकड्या-तुकड्यानं कापतात,
शेवटी उरतं त्याला बाहेर
"पुरे आता, बसा" असा अर्थ आहे.
वेळ लागतो त्याला. किती, ते मी मोजलेलं नाही.

त्या दिवशी पागेदारांनी बिस्किटं दोनच खाल्ली.
दोन कागदात गुंडाळून खिशात ठेवली
आणि खुर्ची गेटच्या आत नाही,
बाहेर मांडून बसले.